चाकांवरचे बिऱ्हाड

(न्यूझीलंड हा दक्षिण गोलार्धातील दोन मुख्य बेटांचा देश आहे. तेथील डोंगर, सरोवरे आणि अरण्ये पाहण्यासाठी येणारे पुष्कळ प्रवासी राहण्याची सोय असलेली मोटार भाड्याने घेतात आणि तिच्यातच मुक्काम करीत देश पाहतात. अशी मोटार कशी असते, ती घेताना काय पाहावे लागते आणि तिच्यात राहणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, याचे वर्णन या पाठात केले आहे.)

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याला एके ठिकाणी स्थिर राहता येत नाही, त्याच्याविषयी ती थोड्याशा कीवेने व थोड्याशा थट्टेने वापरतात. मेंढरांमागे रानोमाळ हिंडणारा धनगर आपला संसार घोड्याच्या पाठीवर लादतो. ऊसतोडणीसाठी गाव सोडणारे कुटुंब आपली भांडीकुंडी बैलगाडीत भरते. त्यांचे हे हिंडणे पोटासाठी असते, हौसेसाठी नव्हे. परंतु ज्यांना गावी पक्के घर आहे, अशी माणसेही काही दिवस आपखुशीने विंचवाचे बिऱ्हाड पत्करतात आणि त्यासाठी पदरचे पैसे मोजतात. अशा बिऱ्हाडाची ही हकिकत आहे.

ही हौस तशी जुनी आहे. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश आरमारातील निवृत्त वैद्य होते. मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक म्हणूनही त्यांची ख्याती होती. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टल येथील एका कारखान्याकडून एक घरगाडी बांधून घेतली आणि तिला ‘वाँडरर’, म्हणजे ‘भटकी’, असे नाव दिले. दोन घोड्यांनी ओढायची ही गाडी घेऊन ते इंग्लंडातील ट्वायफर्ड गावाहून स्कॉटलंडातील इनव्हर्नेसपर्यंत गेले. समोरून येणाऱ्यांना वर्दी देण्यासाठी त्यांचा नोकर तीनचाकी सायकलीवरून पुढे जात असे. पुढे घोड्यांची जागा मोटारीने घेतली. १९५१ पासून जर्मनीत फोक्सवॅगनच्या गाडीत बिछाना व कपाटे बसवून तिचे घर करण्यास आरंभ झाला. न्यूझीलंडात अशा गाड्यांच्या मालकांनी १९५६ साली आपली संघटना स्थापन केली. या गाडीला तिकडे कॅम्परव्हॅन म्हणतात. आपण तिला मोटारघर म्हणू.

असे मोटारघर विकत घेण्यास फार पैसा लागतो आणि वर्षातील बहुतेक दिवस ते दाराशी उभेच राहते. म्हणून प्रवासी ते दहा-पंधरा दिवसांसाठी भाड्याने घेतात. समजा, पुण्याचे एक कुटुंब न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील क्राइस्टचर्च शहरी उतरले आहे. आईवडील आणि शाळेत जाणारी दोन मुले, असे ते चौघे आहेत. विमानतळाजवळच मोटारघरे भाड्याने देणाऱ्यांची आवारे आहेत. तेथे एक गाडी त्यांच्यासाठी ठरवून ठेवलेली आहे.

गाडी पाहताच मुले आत धावतील. परंतु वडिलांना आधी कागद वाचावे लागतील. भाडे दर दिवसाला आकारतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिकडचा उन्हाळा आणि सुटीचा काळ. तेव्हा भाडे सर्वांत अधिक असते. जून-जुलैच्या हिवाळ्यात ते बरेच उतरते. भाड्याखेरीज अनामत रक्कम ठेवावी लागते. गाडीचा विमा असतो. तथापि नुकसान झाल्यास त्यातील पहिली ठरावीक रक्कम भाडेकरूने भरायची असते. ही रक्कम मोठी असू शकते; म्हणून ती किती आहे हे सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे. कच्च्या रस्त्यांवर गाडी नेल्यास बहुधा विम्याचे संरक्षण मिळत नाही. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रस्ता तर यासाठी प्रसिद्धच आहे. कड्याच्या कडेने जाणाऱ्या त्या अरुंद वाटेवर भाड्याची गाडी नेण्यास मनाई असते. डिझेलवर चालणाऱ्या वाहनांना त्या देशात जितके किलोमीटर धावले तितका रस्ताकर द्यावा लागतो आणि तोही शेवटच्या हिशेबात येतो. चालकाचा परवाना इंग्रजीत नसेल, तर त्याचे मान्य भाषांतर बरोबर लागते. जाहिरातीतील भाडे आणि प्रत्यक्ष होणारा खर्च यांतील अंतर या बारीक अक्षरांत दडलेले असते.

कागद झाले की गाडीची तपासणी करावी. काचेवर तडा, पत्र्यावर पोचा, टायरवर चीर असे काहीही आढळले, तर ते तेथल्या तेथे नोंदवून घ्यावे व त्याची छायाचित्रे काढावीत. यात अविश्वास नाही. वस्तू हाती घेताना ती कशी होती हे दोघांनाही ठाऊक असले, म्हणजे ती परत करताना वाद होत नाही.

आता आत जाऊ. सहा-सात मीटर लांबीच्या त्या खोक्यात अवघे घर बसविलेले असते. दिवसा जे बाक व मेज, तेच रात्री फळी घालून पलंग होते. दुसरा पलंग चालकाच्या डोक्यावरच्या माळ्यावर असतो. मुले तो आधीच बळकावतात. भिंतीला लागून दोन चुलींची गॅसची शेगडी, शेजारी भांडी घासायची लहानशी मोरी, खाली फ्रीज. कोपऱ्यात एका माणसापुरते न्हाणीघर व शौचकूप. प्रत्येक कपाटाला खटका असतो. तो न लावता गाडी हलविली, तर पहिल्याच वळणावर ताटे-वाट्या जमिनीवर येतात. गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठी. दुसरी घरातील दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रीज यांसाठी. गाडी चालू असताना किंवा मुक्कामाच्या तळावर विजेची तार जोडली असता ही दुसरी बॅटरी भरते. एक इशारा मात्र कधी विसरू नये. थंडी वाजते म्हणून दारे-खिडक्या लावून शेगडीच्या धगीवर ऊब घेऊ नये. जळणाऱ्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही; झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची संधीही देत नाही.

परंतु या घरातील खरी शिकवण शेगडीपाशी नाही. ती मोरीपाशी आहे. आई भांडी विसळत असता धाकट्याने विचारले, असे समजा :

“आई, हे पाणी जाते तरी कुठे?”

“कुठेही जात नाही, बाळ. ते आपल्याबरोबरच येते.”

हे उत्तर अक्षरशः खरे आहे. गाडीच्या पोटात एक टाकी स्वच्छ पाण्याची असते आणि दुसरी सांडपाण्याची. मोरीतून व न्हाणीतून गेलेला थेंब न् थेंब दुसऱ्या टाकीत साठतो. शौचकूपाखाली एक वेगळी, हाताने ओढून काढता येण्याजोगी पेटी असते. या टाक्या भरल्या, की ठिकठिकाणी बांधलेल्या सांडपाणी-केंद्रांवर त्या रिकाम्या कराव्या लागतात. महामार्गावर त्या केंद्रांच्या खुणेच्या पाट्या असतात. पेटी धुण्याचे काम कोणाला रुचत नाही. परंतु ते करणारा दुसरा कोणी या घरात नसतो.

न्यूझीलंडच्या नियमानुसार ज्या गाडीला ‘स्वयंपूर्ण’ म्हणवून घ्यावयाचे असेल, तिच्यातील माणसांना बाहेरून पाणी न घेता आणि बाहेर घाण न टाकता निदान तीन दिवस राहता आले पाहिजे. त्यासाठी दर माणशी, दर दिवशी किमान चार लिटर स्वच्छ पाणी साठविण्याची सोय हवी. चौघांसाठी तीन दिवसांचे हे पाणी अठ्ठेचाळीस लिटर होते. आपल्याकडे शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना दर माणशी दर दिवशी १३५ लिटर हे प्रमाण धरतात. मोटारघरांच्या टाक्या नियमातील किमान मापापेक्षा मोठ्या असतात हे खरे. तरीही नळ सोडून दात घासणाऱ्याची सवय येथे दोन दिवसांत मोडते. दोन कोस चालून हंड्याने पाणी आणणाऱ्या आपल्या बायाबापड्यांना हे शिकविण्याची गरज नाही. ज्यांच्या घरी नळ फिरविताच पाणी येते आणि मोरीत ओतताच ते दिसेनासे होते, त्यांना मात्र हे चाकांवरचे घर पाण्याची किंमत सांगते.

चला, आता गाडी रस्त्याला लागली. आपल्याकडच्याप्रमाणेच तिकडेही वाहने डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे वडिलांना फारसे अवघड जात नाही. तथापि ही मोटार उंच आणि जड आहे. ती वळण्यास जागा घेते, थांबण्यास वेळ घेते आणि आडव्या वाऱ्यात डुलते. डोंगराळ भागात एकेरी पूल पुष्कळ आहेत. तेथे एका बाजूने येणाऱ्याने थांबायचे आणि दुसऱ्याने आधी जायचे, हे पाटीवरील बाणांनी दर्शविलेले असते. ज्याच्या पाटीवर स्वतःच्या दिशेचा बाण लहान व लाल, त्याने थांबावे. आणखी एक शिष्टाचार पाळावा लागतो. आपल्या मागे मोटारींची रांग लागली, की सुरक्षित जागा पाहून डावीकडे व्हावे आणि सर्वांना पुढे जाऊ द्यावे. आपण सुटीवर असतो. परंतु मागच्या मोटारीत कोणी कामावर निघालेला असतो, कोणी रुग्णालयात.

क्राइस्टचर्चहून सुमारे सव्वादोनशे किलोमीटर गेले, की टेकापो सरोवर लागते. त्याचे पाणी दुधात नीळ कालवावी तसे दिसते. वरच्या हिमनद्या सरकताना खालचा खडक भरडतात आणि जात्यातल्या पिठासारखी त्याची वस्त्रगाळ पूड होते. ही पूड पाण्यात तरंगत राहते व तिच्यामुळे प्रकाश पसरून पाण्याला तो अपूर्व रंग येतो. काठावर १९३५ साली बांधलेले दगडी प्रार्थनामंदिर आहे. रात्र झाली, की गाडीतील सारे दिवे मालवून बाहेर यावे. येथील चार हजार चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेश २०१२ साली ‘अंधाऱ्या आकाशाचा राखीव प्रदेश’ म्हणून जाहीर झाला आहे. झाडे व पशू राखून ठेवावेत, तसा येथे अंधार राखून ठेवला आहे. उन्हाळ्याच्या रात्री अगस्तीचा तारा जवळजवळ डोक्यावर तळपतो. आपल्याकडे दक्षिण क्षितिजालगत दिसणारा त्रिशंकू तेथे वर चढलेला असतो. न्यूझीलंडच्या निशाणावर त्याचेच चार तारे आहेत. आणि आपले ओळखीचे मृग नक्षत्र चक्क उलटे टांगलेले दिसते! पृथ्वी गोल आहे हे पुस्तकात वाचलेले वाक्य येथे डोळ्यांना पटते.

पुढे पुकाकी सरोवराच्या काठाने रस्ता आओराकी पर्वताच्या पायथ्याशी जातो. माउंट कुक या दुसऱ्या नावानेही तो प्रसिद्ध आहे. न्यूझीलंडचे हे सर्वोच्च शिखर. १९९१ साली माथ्याचा खडक व बर्फ कोसळून त्याची उंची घटली; आता ती ३७२४ मीटर आहे. एडमंड हिलरी यांनी १९४८ साली हे शिखर सर केले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९५३ साली, तेच तेनसिंग नोर्गे यांच्यासह एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. पायथ्याशी व्हाइट हॉर्स हिल येथे निसर्गरक्षण खात्याचा मुक्कामाचा तळ आहे. तेथे मोटारघरासाठी विजेची तार नाही. आपली बॅटरी आणि आपले पाणी हाच आधार. रात्री वरून बर्फाचे कडे कोसळल्याचा गडगडाट ऐकू येतो. त्या डोंगराळ मुलखात किआ नावाचे हिरवे पोपट राहतात. ते फार चौकस असतात आणि मोटारीच्या खिडक्यांभोवतीचे रबर चोचीने उपटतात. त्यांची गंमत वाटून पुष्कळ जण त्यांना खाऊ टाकतात. हे करू नये. माणसाच्या अन्नाने त्यांना अपाय होतो आणि रस्त्यावर येण्याची जीवघेणी सवय लागते.

येथून जवळच टास्मान ही देशातील सर्वांत लांब हिमनदी आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिच्या तोंडाशी सरोवर नव्हते. नंतर बर्फ वितळून तेथे पाणी साचू लागले आणि आज कित्येक किलोमीटर लांबीचे सरोवर पसरले आहे. आजोबांनी पाहिलेली हिमनदी नातवाला तशीच दिसत नाही. असे दृश्य पाहून परतणारा प्रवासी आपण जाळलेल्या डिझेलचाही विचार करील, तर ते योग्यच होईल.

हा सर्व आनंद आपल्याला कोणाच्या औदार्यामुळे मिळतो? न्यूझीलंडात सार्वजनिक जागी, जेथे मनाई नसेल तेथे, मुक्काम करण्याची मोकळीक पूर्वीपासून आहे. लोक थोडे आणि जागा विपुल होती, तोवर कोणाची तक्रार नव्हती. पुढे पाहुणे वाढले. २०१९ साली त्या देशात सुमारे ३९ लाख परदेशी प्रवासी आले. देशाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्या घरात होती. यांपैकी बहुतेक जण नीट वागणारे होते. परंतु काहींनी नदीकाठी भांडी घासली, झुडपांआड घाण केली आणि कचऱ्याच्या पिशव्या तशाच टाकल्या. ज्या गावांच्या काठावर हे घडले, तेथील रहिवासी संतापले. कित्येक ठिकाणी मुक्कामाला बंदी झाली.

सरकारने २०११ साली या मुक्कामांसाठी स्वतंत्र कायदा केला. पुढे २०२३ साली तो अधिक कडक झाला. गाडी स्वयंपूर्ण आहे असे प्रमाणपत्र हवे असेल, तर शौचकूप तिच्यात कायमचा बसविलेला असला पाहिजे, असे आता बंधन आहे. आसनाखाली ढकललेली सुटी पेटी चालत नाही. नियम मोडणाऱ्यास शेकडो डॉलर दंड होतो. थोड्यांच्या बेपर्वाईने सर्वांची मोकळीक आखडली. स्वातंत्र्य हिरावून घेण्यास प्रत्येक वेळी शत्रूच लागतो असे नाही. ते उपभोगणाऱ्यांचा निष्काळजीपणाही पुरेसा होतो.

त्या देशाचे मूळ रहिवासी जे मावरी लोक, त्यांच्या भाषेत ‘कैतियाकितांगा’ असा एक शब्द आहे. भूमी, पाणी आणि रान यांचे पालकत्व, त्यांचा सांभाळ, असा त्याचा आशय आहे. १९९१ च्या निसर्गसंपत्तीविषयक कायद्यातही हा शब्द घातलेला आहे. दक्षिण बेटावरील नाय ताहू या मावरी जमातीच्या कथेप्रमाणे आओराकी हा आकाशपित्याचा पुत्र. तो आपल्या भावांसह होडीतून सफरीला निघाला. होडी कलंडली व अडकली. भाऊ तिच्या वरच्या अंगावर चढून बसले आणि तेथेच गारठून पाषाण झाले. ती होडी म्हणजेच दक्षिण बेट आणि ते भाऊ म्हणजे त्याची शिखरे! म्हणून या पर्वताला ते पूर्वज मानतात आणि गिर्यारोहकांनी अगदी माथ्यावर पाय ठेवू नये, अशी विनंती करतात. ज्या बेटावर आपण चाकांचे घर घेऊन हिंडतो, ते बेटच त्यांच्या दृष्टीने एका जुन्या सफरीचे वाहन आहे. आणि त्या वाहनात आपण पाहुणे आहोत.

शेवटी गाडी परत करण्याचा दिवस येतो. करारात लिहिलेले असते, की डिझेल भरलेले, सांडपाण्याची टाकी व शौचकूपाची पेटी रिकामी आणि आतील जागा झाडलेली असावी. तसे नसेल, तर अनामत रकमेतून पैसे कापले जातात. परंतु पैशाच्या भीतीनेच हे करावे असे नाही. संध्याकाळी त्याच आवारात दुसरे कोणी कुटुंब येणार असते. त्यांचे नाव आपल्याला ठाऊक नसते. तेही आपल्याला ओळखत नाहीत. आपल्या आधी राहून गेलेल्यांनी शेगडी पुसून ठेवली होती, म्हणून आपल्याला ती स्वच्छ मिळाली. अनोळखी माणसांमधील या न बोललेल्या विश्वासावरच भाड्याचा व्यवहार चालतो. सरोवराच्या काठाचेही तसेच आहे. गाडी करारावर सही करून मिळते. काठ मात्र सहीवाचून मिळतो. म्हणून तो अधिक जपला पाहिजे.

आपल्या राज्यातही आता हा प्रवास येऊ घातला आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा घरगाड्यांच्या पर्यटनासाठी धोरण आखले. आपल्याकडे कोकणचा किनारा आहे, सह्याद्रीचे घाट आहेत, गडकोट आहेत. उद्या तेथे चाकांवरची बिऱ्हाडे उतरतील. त्यांतील सांडपाणी कोठे जाईल? कचरा कोण उचलेल? ज्या गावाच्या विहिरीचे पाणी त्यांनी घेतले, त्या गावाला त्यांनी काय दिले? या प्रश्नांची उत्तरे कायद्याने द्यावी लागतील. परंतु त्याआधी ती प्रवाशाने स्वतःशी द्यावी लागतील.

विंचू आपले बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडतो. तो जेथून जातो, तेथे काही मागे ठेवीत नाही. चाकांवर घर घेऊन निघणाऱ्या माणसाने त्याच्यापासून एवढे घेतले, तरी पुरे आहे.

शब्दार्थ

बिऱ्हाड – तात्पुरते राहण्याची जागा, संसाराचे सामान. पत्करणे – स्वीकारणे. वर्दी – आगाऊ सूचना. अनामत – परत मिळण्याच्या बोलीवर ठेवलेली रक्कम. पोचा – पत्र्याला आलेला खळगा. वस्त्रगाळ – वस्त्रातून गाळल्यासारखी बारीक. कोस – सुमारे तीन किलोमीटरांचे अंतर. पाषाण – दगड. आखडणे – कमी होणे, आकसणे. गडकोट – किल्ले.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा :
(अ) धनगराचे हिंडणे आणि मोटारघरातील प्रवाशाचे हिंडणे यांत लेखक कोणता फरक दाखवितो?
(आ) गाडी ताब्यात घेताना तिची तपासणी का करावी?
(इ) ‘स्वयंपूर्ण’ मोटारघर कशाला म्हणतात?
(ई) टेकापो सरोवराच्या पाण्याला विशिष्ट रंग कशामुळे येतो?

२. कारणे द्या :
(अ) बंद गाडीत शेगडीवर ऊब घेऊ नये.
(आ) किआ पोपटांना खाऊ घालू नये.
(इ) न्यूझीलंड सरकारला मुक्कामाविषयीचे नियम कडक करावे लागले.

३. ‘गाडी करारावर सही करून मिळते, काठ मात्र सहीवाचून मिळतो. म्हणून तो अधिक जपला पाहिजे.’ या वाक्यांतील विचार तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

४. हिशेब करा : तुमच्या घरी किती माणसे आहेत? पाठात सांगितलेल्या किमान प्रमाणाने त्यांना तीन दिवसांसाठी किती लिटर पाणी लागेल? घरी एका दिवसात प्रत्यक्ष किती पाणी लागते ते मोजून पाहा व दोन्हींची तुलना करा.

५. पुढील शब्दसमूहांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : पदरचे पैसे मोजणे, वर्दी देणे, सवय मोडणे, डोळ्यांना पटणे, येऊ घातणे.

६. विग्रह करून समास ओळखा : भांडीकुंडी, आईवडील, रानोमाळ, महामार्ग.

७. तुमच्या गावाजवळील एखाद्या तळ्याकाठी, किनाऱ्यावर किंवा गडावर मुक्कामाला येणाऱ्या प्रवाशांसाठी पाच सूचनांचा फलक तयार करा. प्रत्येक सूचनेचे कारण एका वाक्यात लिहा.